दोन सूत

दुसरा फटका खांद्यावर बसला तेव्हा अजिनाथ गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर आला. तोंडातलं रक्त त्यानं बाहीला पुसलं.

"उठ," अमृत म्हणाला. त्याच्या हातात अजिनाथच्याच गॅरेजमधला लांब पाना होता. "माप घे. आईसमोर घे."

अमृतची आई, कडूबाई, ओढून घेतलेल्या शटरला पाठ लावून तेलाच्या डब्यावर बसली होती. मांडीवर ऊस तोडायचा कोयता. पंचवीस हंगाम तिनं तो चालवला होता. आज आल्या आल्या तिनं तो एकदाच फिरवला, आणि अजिनाथच्या डाव्या दंडातून अजून रक्त ठिबकत होतं.

शेडच्या मधोमध ओमची मोटारसायकल उभी होती. ओम कडूबाईचा थोरला मुलगा. अजिनाथनं चार महिने खपून त्याला ही गाडी बनवून दिली होती. मागचे शॉकअप काढून टाकले, चेसिसचा, म्हणजे सांगाड्याचा, मागचा भाग नव्या नळ्यांनी सरळ जोडला, चाक थेट त्यातच बसवलं. पाथर्डीत तशी दुसरी गाडी नव्हती. नागापूरहून घरी परतताना, तीन आठवड्यांपूर्वी, तिची चेन उडाली आणि मागच्या चाकात अडकली. चाक जागच्या जागी थांबलं. ओम पुलाच्या कठड्यावर जाऊन आपटला आणि जागीच गेला.

"समदे म्हनत्यात, चेसिसच वाकडी जोडली हुती," कडूबाई म्हणाली. "तू म्हनतो सरळ हाय. दाव मग."

अजिनाथनं दोरी घेतली. एक टोक त्यानं मागच्या चाकाच्या दातेरी चकतीला लावलं, दुसरं अमृतच्या हातात दिलं. दोरी इंजिनाच्या छोट्या चकतीपर्यंत ताणली. ती चकतीला टेकायला हवी होती. टेकली नाही.

"किती?" अमृतनं विचारलं.

अजिनाथनं पट्टी धरली. "दोन सूत. पाव इंच."

पाना त्याच्या बरगडीवर आला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. अजिनाथ आडवा झाला, तरी अमृत मारतच राहिला, पाठीवर, मांडीवर, पुन्हा पाठीवर. मारता मारता तोच रडत होता.

"दोन सूत! दोन सुतासाठी माझा दादा खाल्ला तू!"

"मावशी," अजिनाथ जमिनीवरूनच ओरडला, "वाकडं चाक हाय! चेसिस न्हाई! चाक काढू द्या, मग मारा!"

कडूबाई जागची उठली. अमृतचा हात तिनं वरच्यावर धरला. "काढू दे."

डावा हात उचलवत नव्हता. अजिनाथनं दुसऱ्या पान्यावर पाय देऊन नट सैल केला, चाक बाजूला लोळवलं. मग हँडलच्या नळीपासून दोरी मागं आणली, जिथं चाकाचा एक्सल बसतो त्या पट्टीपर्यंत, आणि तिथं गाठ मारली.

"आकडे मला कळत न्हाईत," कडूबाई म्हणाली.

"आकडे नका बघू. गाठ बघा. आता ही दोरी दुसऱ्या बाजूला तुमीच लावा."

तिनं लावली. गाठ बरोबर पट्टीच्या टोकावर आली. तिनं दोरी सोडली, पुन्हा पहिल्या बाजूला नेली, पुन्हा दुसऱ्या. तिसऱ्यांदाही गाठ तिथंच आली. कडूबाई बराच वेळ त्या गाठीवर अंगठा ठेवून उभी राहिली.

"सरळ हाय," ती म्हणाली.

"मग चाक वाकडं कसं?" अमृतचा आवाज चढला. "चाक बी तूच बसवलं ना?"

"मी दिली तवा दोन्ही बाजू तिसऱ्या खुणेवर हुत्या." अजिनाथनं एक्सल बसतो त्या दोन्ही पट्ट्यांवर कोरलेल्या बारीक रेघा दाखवल्या. नट आवळल्याचा ठसा उजवीकडं पाचवीवर होता, डावीकडं अजून तिसरीवरच. "नंतर कुनीतरी चेन ताणलीया. एकच बाजू वढली, दुसरी तशीच ठेवली. चाक तिरकं झालं. अशी चेन उडनारच."

तेवढ्यात शटर वाजलं.

"अजिनाथ? काय आदळआपट चाललीय रे?" शेजारच्या शेडमधला रंगनाथ होता.

कडूबाईनं कोयता पदराआड घेतला आणि शटर वीतभर वर केलं. "पोराच्या गाडीचं काम चाललंय, दादा," ती म्हणाली, आणि बोलत राहिली, गाव कुठलं, ऊसतोडीला यंदा कुठं.

इकडं अमृतचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाना त्याच्या हातातून आपोआप खाली आला. तो अजिनाथशेजारी खाली बसला.

"आदल्या दिवशी मी ताणली," तो पुटपुटला. "चेन लई वाजत हुती. दादा म्हनला, गॅरेजला टाकतो. मी म्हनलं, त्यात काय, मी करतो. एका बाजूचा नट फिरवला. दुसऱ्या बाजूला बी असतोय हे... मला ठावंच न्हाई."

रंगनाथ चार पावलांवर होता. एक हाक पुरली असती. अजिनाथनं तोंड उघडलं. अमृतकडं बघितलं, आणि मिटलं.

शटर खाली आलं. रंगनाथची पावलं दूर गेली.

कडूबाई वळली. कोयता पुन्हा हातात होता. तिचे डोळे कोरडे होते.

"आता नाव सांग, मिस्तरी. कुनाचा हात लागला त्या चेनला? कुनी बी असू दे."

अमृत उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. "आई..."

"मीच ताणली, मावशी," अजिनाथ म्हणाला. "आदल्या दिवशी ओम इथं आला हुता. घाईत मी एकच बाजू फिरवली."