एक तास दहा मिनिटं

दादाच्या शहरापासून आमच्या शहराचं हवाई अंतर सातशे वीस किलोमीटर आहे आणि विमानाला एक तास दहा मिनिटं लागतात. हे आम्हाला तोंडपाठ आहे, कारण गेल्या सहा वर्षांत दादाने आम्हाला या माहितीशिवाय दुसरं काही दिलेलंच नाही. "आई नुसती शिंकली तरी मी दुपारच्या जेवणाला हजर!" प्रत्येक फोनवर हीच ऐट.

दोन महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, अकरा दिवस ती हॉस्पिटलात होती. दादाचं येणं रोज राहून गेलं. कधी मीटिंग, कधी धुकं, आणि एकदा तर साहेबांना सोयीच्या वेळेची फ्लाइटच मिळेना.

काल त्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून आईसमोर धरला.

"आई, मुलांना सांभाळणारी बाई काम सोडून गेली गं. तुझं उद्याचं तिकीट काढून टाकलंय. एक तास दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, बसलीस की पोचलीस!"

आईने तीस वर्षं बस डेपोच्या चौकशी खिडकीवर काढली आहेत. तिने वॉकर जरा बाजूला सारला आणि खिडकीतून प्रवाशांना सांगायची, अगदी तशाच कोरड्या आवाजात म्हणाली,

 

"तिकडची गाडी अजून आलेली नाही. ती आल्याशिवाय इकडून सुटणार नाही."