पाय घसरला होता

मिरची वाळवायच्या पथारीवर मजुरी मागणाऱ्या बायकांवर लाठी उगारलीच नव्हती. शोभाबाई पाय घसरून पडली आणि मेली, असं फौजदारानं चौकशीत सांगितलं होतं. तिचा नवरा चुडामण तेव्हापासून तेच ऐकत आला.

आज नंदुरबारच्या पोरांनी गावात त्या दिवसाचा माहितीपट लावला. पडद्यावर शोभाबाईच्या डोक्यात लाठी बसली. ती पडली, तरी लाठी पुन्हा बसली.

तेवढ्यात तोच फौजदार आत घुसला. त्यानं लाथ घालून प्रोजेक्टर फोडला आणि आडव्या आलेल्या चुडामणचं तोंडही.

"परवानगी कोणी दिली रे? आम्ही बाई कशी मारली, ते अख्ख्या गावाला दाखवता? गाव पेटलं म्हणजे?"

चुडामणनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि हात जोडले.


"साहेब, आत्ता बोलले ते आजून एकदाव सांगा."