डोक्यामागची बेल

गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा गोष्ट इंजेक्शनवर येऊन ठेपली. डॉक्टरबाईंनी दोन पर्याय सांगितले. कपाळापासून मानेपर्यंत बोटॉक्सच्या बारीक बारीक सुया, नाहीतर डोक्यामागच्या नसेपाशी एकच. तिने एकच निवडली.

"घरात आणखी कुणाला मायग्रेन? आईला?"

"छे. आईचं डोकं कधी दुखलंच नाही. तिची डोकेदुखी म्हणजे मीच."

ती टेबलावर कपाळ टेकून बसली. डॉक्टरबाईंचा अंगठा जागा शोधत केसांतून फिरला आणि मानेच्या वरच्या खळग्यात रुतला.

"कोण आलंय?" तिच्या तोंडून आपसूक निघालं.

"काय म्हणालात?"

तिच्या लहानपणी एखाद्या दुपारी आई पडदे ओढून पालथी पडायची आणि खेळ मांडायची. याच खळग्यात बेल होती. अंगठ्याने जीव खाऊन दाबली, की आई हळूच विचारायची, "कोण आलंय?" मग ही कधी दूधवाला व्हायची, कधी पोस्टमन, कधी चोर. पाहुण्याने कुजबुजतच बोलायचं, कारण घरात बाळ निजलंय असं धरायचं. आणि आईने सांगेपर्यंत बेलवरचा अंगठा उचलायचा नाही. मैत्रिणींपैकी कुणाचीच आई असा खेळ खेळायची नाही, म्हणून हिला केवढा तोरा.

सुई आत गेली, तरी ती हलली नाही.

"डॉक्टर, मघाशी मी चुकीचं सांगितलं," ती कुजबुजली. "आईला होतं."