ओरडणारा नंतर

"आधी मला घे! ऐकू येत नाही का बाई तुला?"

साहेबांचं स्ट्रेचर दारातून आत आलं आणि त्यांच्या आवाजाने आता दवाखाना झालेल्या बसगाड्यांच्या जुन्या गॅरेजचे पत्रे हादरले. स्ट्रेचर उचलणारे दोघे थेट टेबलाकडे निघाले. साहेब म्हणजे तुकडीचे प्रमुख, पहिला मान त्यांचा, हे त्या दोघांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

"टेबलावर नाही," मावशी म्हणाली. "खाली ठेवा."

मावशी म्हणजे तुकडीची नर्स. वय पन्नाशीचं, तोंड फटकळ, हात हलका. प्रत्येक जवानाकडून प्रथमोपचाराच्या पहिल्याच तासाला ती एक गोष्ट घोकून घ्यायची. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, तो वाट बघू शकतो. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी धावा. एकदा साहेबही त्या तासाला येऊन बसले होते, पुढच्याच बाकावर, जांभया देत. "आणि साहेबच ओरडत असला तर?" त्यांनी विचारलं होतं. "तुमचं ओरडणं रोजचंच आहे, त्यात काय नवीन," असं ती म्हणाली आणि अख्खा वर्ग खो खो हसला होता.

आज बाहेर तोफा धडधडत होत्या. डॉक्टरांची गाडी यायला अजून अर्धा तास होता. मावशी एकटी होती आणि जखमी दोन. साहेबांच्या दंडाला रक्ताळलेली चिंधी गुंडाळली होती, कमरेखाली कांबळं पांघरलं होतं.

दुसरा जखमी वायरलेसवाला. तो साहेबांच्या स्ट्रेचरमागून चालत आला होता आणि भिंतीला टेकून बसला होता. अंगावर रक्ताचा थेंब दिसत नव्हता. "मी ठीक आहे, मावशी," एवढंच तो म्हणाला आणि मग काहीच बोलेना. ती साहेबांना ओलांडून त्याच्याकडे गेली.

"वर्दी उतरवीन तुझी! कोर्टात उभी करीन!"

"खुशाल उतरवा. दोन बटणं आधीच गेलीत तिची." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "एवढा दम आहे ना छातीत? मग मरत नाही तुम्ही."

तिने वायरलेसवाल्याचा शर्ट कापला. काखेखाली हरभऱ्याएवढं भोक होतं आणि ते श्वासागणिक फुसफुसत होतं. ओठ निळे पडले होते. तिने पट्टीच्या पाकिटाचं प्लास्टिक भोकावर दाबून धरलं. तीन बाजूंनी चिकटपट्टी लावली, चौथी मोकळी सोडली, आत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून. मागे साहेबांच्या तोंडाला खळ नव्हता. तिचा, तिच्या औषधांचा, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या माणसाच्या शब्दावर पोरं जीव देतात, तिच्या मनात आलं. हात मात्र थांबले नाहीत.

वायरलेसवाल्याने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. ओठांवर रंग परत येऊ लागला.

"घरी तिघंजण वाट बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत. जाशील."

आणि गॅरेज एकदम शांत झालं.

काय थांबलंय हे कळायला मावशीला एक क्षण लागला. मग ती धावली. तिने कांबळं ओढून काढलं. साहेबांची मांडी फाटली होती. जखमेच्या वर त्यांनी स्वतःचाच कमरेचा पट्टा बांधला होता आणि त्याचं टोक दोन्ही मुठींत ओढून धरलं होतं. मुठी आता सैल पडत होत्या. स्ट्रेचरखाली रक्ताचं थारोळं साचलं होतं.

"अहो, आधी का नाही सांगितलंत हे?"

"सांगितलं असतं..." ओठ जेमतेम हलले, "तर त्याच्याकडे गेली असतीस का? पुढच्या बाकावर होतो मी, मावशी."

"मरायची परवानगी मी दिलेली नाही!" तिने गुडघा त्यांच्या जांघेत रोवला. आवळायची पट्टी मांडीवर चढवली, दांडी पिळली. एक वेढा. दोन. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती साहेबांवर खेकसत होती. "ओरडा! ओरडा म्हणते ना!"

तिसऱ्या वेढ्याला साहेब ओरडले. या वेळी दुखलं म्हणून.