चारशे पावलं

भोपळ्याच्या चिंधड्या उडाल्या. लाल गर खडकावरून रक्तासारखा ओघळला.

“तीनशे पावलं!” द्राश्को हसला. “हात गंजलेला नाही बघ, आई.”

“हाताचं कुणी विचारलं? मला डोळे बघायचेत.” म्हाताऱ्या स्तानाने रिकामी बंदूक त्याच्याकडून काढून घेतली. काडतुसं तिच्या खिशात होती. एका वेळी एकच भरायचं, हा तिचा नियम.

बंदूक द्राश्कोची. गेल्या वर्षी याच रानात, याच दिवशी, दिवस मावळताना त्याने त्याच बंदुकीने स्तानाच्या मुलाला मारलं होतं. तो मुलगा, व्हुकोता, द्राश्कोचा मानलेला भाऊ. पाठीत शिरलेली गोळी छाती फोडून बाहेर आली. कोर्टात द्राश्को ढसाढसा रडला. “चारशे पावलांवर माणूस काय नि रानडुक्कर काय, ओळखू येतं होय?” कोर्टाने सोडलं. मग डोंगरच्या रिवाजाप्रमाणे माफी मागायला तीच बंदूक गळ्यात अडकवून तो स्तानाच्या अंगणात गुडघ्यांवर रांगत आला. गावासमोर तिने ती उतरवून घेतली, त्याच्या कपाळावर ओठ टेकले. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रिवाज कसा पाळायचा हे स्तानाला कुणी शिकवायला नको.

पण आंधळ्या शिकाऱ्याबरोबर रानात कोण जाणार? परवा गाव डुकरांच्या शिकारीला निघणार होतं आणि द्राश्कोला एकही सोबती मिळत नव्हता. म्हणून तो सरावाला तिच्याकडेच आला होता.

“तू बरा म्हणालीस की गाव बरा म्हणेल,” तो म्हणाला. “मग तुझ्या सुनेचं नि माझंही बघू. व्हिडोसावाला विधवेच्या काळ्या कपड्यांत किती दिवस ठेवशील?”

“बघू.” स्तानाने काडतूस भरून बंदूक दिली. दरीपलीकडच्या झुडपांकडे हनुवटी उडवली. “चारशे पावलं. पेंढा भरून दोन डुकरं ठेवलीत. कुठलंही फोड.”

ऊन त्या दिवशीचंच होतं, तिरपं, तांबडं. द्राश्को पालथा पडला. दस्त्याला गाल लावला आणि खो खो हसत सुटला.

“मला फसवतेस होय, म्हातारे? उजवीकडचं डुक्कर. डावीकडे नुसता कोट आहे, कॉलर उभी केलेला!”

धाड! डुकराचं कातडं फाटलं, पेंढा उधळला.

“आहेत की नाही डोळे?”

“ससाण्याचे रे, ससाण्याचे.” स्तानाने बंदूक घेतली. शेवटचं काडतूस आत सारून घोडा चढवला. “कोट व्हुकोताचा आहे. त्या दिवशी अंगावर होता तो.”

द्राश्कोचं हसू तोंडातच थिजलं.

“ऊठ. त्या कोटाशेजारी जाऊन उभा राहा. ऊन जायच्या आत.” नळी त्याच्या छातीकडे वळली. “माझे डोळे म्हातारे झालेत, लेका. चारशे पावलांवरून तू मला डुक्करच दिसशील.”