जिन्यावरच्या बाईचं पान

"भुताची गोष्ट सांगती ती तूच का गं?"

हुमेराने मान वर केली. फर्नली हॉटेलच्या पायरीशी एक म्हातारी उभी होती. लुगड्याचे काठ ओले, हातात पितळी डबा, काखेत केळीच्या पानाची गुंडाळी. फाटकाबाहेर पाहुण्यांची ने-आण करणाऱ्या गोरखची जीप धुक्यात अर्धीच दिसत होती.

"मीच, मावशी. पण कार्यक्रमाला अजून अवकाश आहे. आणि तिकीट लागतं."

"तिकीट तुमच्या पावन्यांना. मी अंबूबाई, खालच्या भाजे गावची. मला तिला बघायचं न्हाई. जेवू घालायचंय."

हुमेरा हसली. म्हातारी हसली नाही.

या जुन्या हॉटेलचा इतिहास सांगायला तिला इथे ठेवलं होतं. आधी ती खरंच इतिहास सांगायची. घाटातली रेल्वे, गोरे साहेब, मंगळुरी कौलं, ब्रह्मदेशाचं सागवान. पाहुणे जांभया द्यायचे. मॅनेजर पवन म्हणाला, "हुमेराताई, यात जरा जीव ओता." तिने जीव गेलेली एक बाई ओतली. खोल्या आवरायला आलेली, घरी न परतलेली. धुकं उतरलं की मागच्या जिन्यावर दिसते, हातावर धुतलेल्या चादरी घेऊन. तेव्हापासून खुर्च्या कमी पडू लागल्या.

"माजी थोरली भन ती. हौसा," अंबूबाई म्हणाली. "हितं चादरी घालायला यायची. एका सकाळी आली ती घरला परतलीच न्हाई. कुनी म्हनलं घाटात पडली, कुनी म्हनलं मुंबैच्या डायवरसंगं गेली. मेली म्हनावं तर मढं न्हाई, जिती म्हनावं तर सांगावा न्हाई. जित्या मानसाच्या नावानं पान कसं ठिवायचं? आय तशीच वाट बघत गेली. आज सर्वपित्री. ज्याची तिथ ठावं न्हाई, त्येचाबी दिस. आन काल हा गोरख म्हनला, फर्नलीच्या जिन्यावर चादरीवाली दिसती. म्हनलं, म्हंजी मेली." तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "सुटले बाई."

मावशी, ती बाई मी बनवली. एवढंच तर बोलायचं होतं. पण ते बोललं की हौसा पुन्हा ना मेलेली, ना जिती. आणि नाही बोललं, तर कुठे जिवंत असलीच तर त्या बाईला आपणच मारून टाकल्यासारखं.

"अंगानं कशी हाय गं?" म्हातारीने विचारलं. "लय वाळलीय का?"

"नाही," हुमेराच्या तोंडून निघून गेलं. "बरी आहे."

भुताची तब्येत बरी आहे असं सांगणारी लोणावळ्यात ती पहिलीच असावी.

मागच्या जिन्याच्या कठड्यावर अंबूबाईने पान मांडलं. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. पानाभोवती पाणी फिरवलं आणि दोघी मागे सरकल्या. भटारखान्याच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला. त्याने पानाकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि तसाच बसून राहिला.

"इथले कावळे वेफर्सवर वाढलेत, मावशी. खीर त्यांना कळत नाही."

अंबूबाईचं लक्ष नव्हतं. तिने हात जोडले होते.

"हौसे, तुज्या वाट्याचा आंबा तोडनार न्हाई. रिसॉर्टवाला कितीबी मागं लागू दे."

कावळा हलला नाही.

"माज्या नातीच्या, सारिकाच्या पोटी लेक झाली तर तुजं नाव ठिवू."

नाही.

मग म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली, "कुटं व्हतीस म्हनून कुनी इचारनार न्हाई. कुनासंगं गेलतीस, त्येबी न्हाई."

कावळ्याने पत्र्यावर दोन उड्या मारल्या आणि पाठ फिरवली.

अंबूबाईची वचनं संपली. तिने हुमेराचं मनगट धरलं. "तू बोल. तुज्यापाशी ऱ्हाती ती. तुज्यातच अडकली आसंल."

धुकं जिना उतरत होतं. वरच्या पायऱ्या गेल्या, मग मधल्या. आणि त्या पांढऱ्यात, वर कुठेतरी, कोणीतरी ओली चादर झटकली. एकदा. हुमेराने नीट ऐकलं. धोबीणबाई आज रजेवर होती. हुमेराने वर पाहिलं नाही. हात दुव्यासाठी उचलावेत की जोडावेत हे तिला कळेना. ते मध्येच राहिले.

"हौसाबाई," ती म्हणाली, "तुमची गोष्ट मी यापुढे कुणाला सांगणार नाही. शपथ. तुम्ही जा आता."

कावळा उतरला. आधी वडा फोडला, मग खिरीत चोच घातली.

अंबूबाई मटकन पायरीवर बसली आणि मोठ्याने रडू लागली. नाव घेऊन, हेल काढून, आजच माणूस गेल्यासारखी. हुमेरा तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, आपणही रडतोय.

कोपऱ्यावरून पवन धावत आला. "हुमेराताई, अहो इथे काय बसलाय? खुर्च्या भरल्यात. धुकंही काय मस्त पडलंय! पाहुणे विचारतायत, बाई दिसणार ना आज?"

हुमेराने डोळे पुसले.

"गेली ती," ती म्हणाली. "जेवून गेली."