खोटा सेन्सर

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेटीतली ऊब बाळाच्या तापमानानुसार कमी-जास्त करणारा सी भाषेतला प्रोग्राम तिच्या टीमचा. त्यातलं एकेक फंक्शन सुटं तपासणारी युनिट टेस्ट लिहायचं काम तिचं. ऑफिसच्या टेबलावर तापमान मोजणारा खरा सेन्सर कुठून येणार? म्हणून तिने टेस्टपुरता कोडमध्येच एक खोटा सेन्सर लिहिला. काही झालं तरी तो एकच तापमान सांगायचा, ३६.६६. चटकन ओळखू यावा म्हणून आकडा मुद्दाम तसला.

रजेवर जाताना तिने साहेबांना बजावलं, "पेटीत प्रोग्राम भरताना माझा खोटा सेन्सर आठवणीने काढा हं."

"अगं, आम्ही काय काल जन्मलो? तू आता तुझ्या बाळाचं बघ."

बाळाने घाई केली. हॉस्पिटलात नुकत्याच आलेल्या, तिच्याच कंपनीच्या पेटीत ते विसावलं.

"गुणी आहे गं लेकरू," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "सकाळपासून आकडा जागचा हललेला नाही!"

तिने हसतच पेटीच्या झरोक्यातून हात आत घातला. चटका बसावा इतकं बाळाचं अंग तापलं होतं. दचकून तिने वरच्या स्क्रीनकडे पाहिलं.



३६.६६